हिशोब द्या, मग वर्गणी मागा

फेब्रुवारी २०१२ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या डबल फाइन या व्हिडिओ गेम बनवणाऱ्या स्टुडिओने, लोकांकडून वर्गणी गोळा करून देणाऱ्या किकस्टार्टर या संकेतस्थळावर, लोकांकडे चार लाख डॉलर मागितले. तीन लाख खेळासाठी आणि एक लाख तो खेळ घडताना चित्रित करण्यासाठी. महिनाभरात ८७ हजारांहून जास्त लोकांनी ३३ लाख डॉलरच्या वर रक्कम उभी केली. मागितलं त्याच्या आठपट मिळालं, आणि तरीही पैसा पुरला नाही. खेळ दोन भागांत तोडावा लागला. पहिला भाग जानेवारी २०१४ मध्ये आला, आणि दुसरा पुरा व्हायला एप्रिल २०१५ उजाडलं. व्हिडिओ गेमसाठी लोकांकडून पैसे गोळा करण्याची लाट याच मोहिमेने आणली. पुढे त्या लाटेत जे बिघडलं त्याचं मूळही इथेच दिसतं: मागितलेली रक्कम आणि प्रत्यक्ष लागणारी रक्कम यांचा एकमेकींशी फारसा संबंध नव्हता.

एवढ्या लांबची गोष्ट जळगावात बसून कशाला, असं कोणी विचारेल. मी इथे संगणक शिकवतो. जळगाव, धुळे, शिरपूर, भुसावळ इथल्या इंजिनिअरिंगच्या होस्टेलांमध्ये चांगली ग्राफिक्स कार्ड लावलेली मशिनं आहेत, मेच्या पंचेचाळीस अंशांत कूलर आधी मशिनकडे वळवणारी मुलं आहेत, आणि त्यांच्या हातात आता आंतरराष्ट्रीय व्यवहार चालू केलेली बँक कार्डंही आहेत. कॅलिफोर्नियातल्या एखाद्या स्टुडिओने तीन मिनिटांचा देखणा व्हिडिओ टाकला की तो त्याच दिवशी अमळनेरच्या मुलापर्यंत पोहोचतो. पैसे मागणारा त्याच्यापर्यंत पोहोचलाय. त्या मुलाने त्याच्यापर्यंत पोहोचायचा रस्ता मात्र कोणी बांधलेला नाही.

आधी हे गणित कसं चालतं ते पाहू. किकस्टार्टरवर ठरवलेलं लक्ष्य गाठलं तरच पैसे मिळतात, नाहीतर एक पैसाही मिळत नाही. त्यामुळे निर्माता लक्ष्य ठेवतो ते गाठता येईल असं. खेळ खरोखर पूर्ण करायला किती लागतील हा प्रश्न मागे पडतो. अमेरिकेतल्या गेम उद्योगात एका माणसाच्या एका महिन्याच्या कामाला सगळा खर्च धरून दहा हजार डॉलर, असा ढोबळ हिशोब वर्षानुवर्षं धरला जातो. त्या भावाने चार लाख डॉलर म्हणजे दहा माणसांचं चार महिन्यांचं काम. चार महिन्यांत दहा माणसं कुठला मोठा खेळ बनवतात? त्यातून किकस्टार्टरचे पाच टक्के जातात, पैसे वळते करणाऱ्याचा वाटा वेगळा. टी-शर्ट, आर्टबुक, खोके अशी बक्षिसं छापायची आणि जगभर पाठवायची तोही खर्च यातलाच. उरलेल्या पैशातून पगार.

म्हणजे बहुतेक मोठ्या मोहिमांत निर्मात्याला पहिल्या दिवसापासून ठाऊक असतं की हे पैसे पुरणार नाहीत. प्रकाशक मिळेल, अर्धवट खेळ विकता येईल, कुठून तरी पुढची सोय होईल या भरवशावर तो निघतो. उद्योग करणाऱ्याने असा धोका पत्करण्यात गैर काहीच नाही. गैर हे की पैसे देणाऱ्याला हे कोणी सांगत नाही.

त्यात भर पडते वाढीव वचनांची. लक्ष्य पार झालं की मोहीम थांबायला हवी. इथे उलट पाट्या चढत जातात. इतके लाख झाले तर नवा प्रदेश, अजून इतके झाले तर नवं पात्र, त्याहून जास्त झाले तर आणखी दोन गेम खेळायच्या यंत्रांवर खेळ. प्रत्येक वचन म्हणजे नवं काम, आणि काम वाढतं ते जमलेल्या पैशापेक्षा वेगाने. मायटी नंबर ९ हा खेळ याचं ठळक उदाहरण. नाव मोठं, केजी इनाफुने यांच्यासारखा अनुभवी जपानी निर्माता, २०१३ मध्ये किकस्टार्टरवरच ३८ लाख डॉलर जमले. दहा-दहा यंत्रांवर खेळ देण्याचं वचन दिलं गेलं. एप्रिल २०१५ ची तारीख सप्टेंबरवर गेली, मग पुढच्या वर्षावर, आणि जून २०१६ मध्ये जे हातात आलं ते पाहून पैसे देणाऱ्यांनी कपाळाला हात लावला. त्याहून जास्त राग मला दुसऱ्या गोष्टीचा येतो. पहिला खेळ दिलेला नसताना, जुलै २०१५ मध्ये, त्याच मंडळींनी दुसऱ्या खेळासाठी नवी मोहीम उघडली. ती पडली हे बरंच झालं. खेळाच्या शेवटी पैसे देणाऱ्या हजारो लोकांची नावं पडद्यावर सरकत राहतात; ती श्रेयनामावली संपायला जवळपास चार तास लागतात. एवढ्या माणसांची नावं द्यायला जागा होती. त्यांचे पैसे कुठे गेले हे सांगणारं एक पान मात्र निघालं नाही.

यापेक्षा धोकादायक प्रकार म्हणजे न झालेल्या खेळातल्या वस्तू विकणं. क्रॉनिकल्स ऑफ एलिरिया या खेळाने २०१६ मध्ये किकस्टार्टरवर १३ लाख डॉलरच्या वर पैसे उभे केले आणि नंतर वर्षानुवर्षं स्वतःच्या संकेतस्थळावर त्या न झालेल्या जगातल्या जमिनी, गावं, सरदारक्या विकल्या. लोकांनी हजारो डॉलर देऊन राजेपद घेतलं. मार्च २०२० मध्ये स्टुडिओने सगळ्या कामगारांना घरी पाठवलं. राज्यंही गेली, पैसेही गेले.

स्टार सिटिझन या अंतराळातल्या खेळाची गोष्ट याहून गुंतागुंतीची आहे, कारण तिथे काम खरोखर चालू आहे आणि आजच्या घडीला जे आहे ते खेळणारेही हजारो आहेत. २०१२ मध्ये मोहीम झाली, नोव्हेंबर २०१४ ची तारीख दिली होती. २०२५ पर्यंत ८० कोटी डॉलरहून जास्त पैसे जमले आणि पूर्ण खेळ अजून यायचाच आहे. मधल्या काळात खेळातली अंतराळयानं विकली गेली; २०१८ मध्ये जवळपास सगळ्या यानांचा एक संच २७ हजार डॉलरला काढला होता, तेव्हाच्या भावाने अठरा लाख रुपयांच्या वर. सुरुवातीच्या अटींमध्ये असं होतं की ठरल्या मुदतीनंतरही खेळ दिला नाही तर तपासलेला जमाखर्च प्रसिद्ध करू. २०१६ मध्ये अटी बदलल्या आणि मुदतीशी बांधलेलं ते वचन गेलं. पुढे कंपनीने वार्षिक आकडे आपणहून प्रसिद्ध केले हेही खरं. पण मालकाच्या मर्जीने दिसणारा हिशोब आणि देणाऱ्याच्या हक्काचा हिशोब यांत फार अंतर आहे. तो यानांचा संच निघाला त्याच वर्षी, २०१८ मध्ये, अमेरिकेतल्या एका चाहत्याने आपले साडेचार हजार डॉलर परत मिळावेत म्हणून लॉस एंजेलिसच्या न्यायालयात दावा लावला. करारात लवादाचं कलम होतं, त्यामुळे दावा उभाच राहिला नाही.

आता आपल्याकडचं एक उदाहरण. यावल तालुक्यातला एक मुलगा माझ्याकडे शिकतो. घरी केळी आहे, पण हे पैसे घरचे नव्हते. दिवाळीच्या सुट्टीत मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात बसून त्याने कमावले होते. परदेशातल्या एका स्टुडिओच्या मोहिमेत त्याने पंचेचाळीस डॉलर लावले. बँकेच्या उताऱ्यावर त्याखाली परकीय चलनाचा आकार आणि त्या आकारावरचा जीएसटी अशा आणखी दोन ओळी पडल्या होत्या. सुरुवातीला पंधरा दिवसांनी मेल यायचे: चित्रं, संगीताचे तुकडे, टी-शर्टचं माप विचारणारा फॉर्म. मग महिन्याने यायला लागले. मग इंजिन, म्हणजे खेळ ज्यावर बनतो ते सॉफ्टवेअर, बदलत आहोत म्हणून उशीर. मग मुख्य चित्रकार सोडून गेला म्हणून उशीर. शेवटच्या मेलमध्ये दोन परिच्छेद होते, त्यातलं कामाचं वाक्य एकच: निधी संपला आहे, आम्हीही तुमच्याइतकेच दुःखी आहोत.

तो मुलगा रडला-बिडला नाही. मला म्हणाला, ‘सर, खेळ झाला नाही ते समजू शकतो. माझंही प्रोजेक्ट मागच्या वर्षी फसलं होतं. पण किती पगारात गेले, किती जाहिरातीत गेले, एवढं तरी सांगायला पाहिजे होतं ना?’ त्याने घरी आजोबांना सगळं समजावून सांगितलं, तेव्हा त्यांनीही एवढंच विचारलं म्हणे: ‘मंग हिशोब कोठे शे?’

हाच या सगळ्या प्रकरणातला खरा प्रश्न आहे, आणि तो विचारायला व्हिडिओ गेम कळावा लागत नाही. आपल्या गावात हरिनाम सप्ताह होतो. घराघरातून धान्य आणि पैसा येतो. सप्ताह उठला की देवळाच्या भिंतीवर कागद लागतो: गहू किती क्विंटल आले, तेलाचे डबे किती लागले, मंडपवाल्याला काय दिलं, शिल्लक किती आणि कोणाकडे. पाऊस येऊन काल्याच्या दिवशी मंडप कोसळला तरी कोणी पैसे परत मागत नाही. कागद लागला नाही तर मात्र पुढच्या वर्षी त्या माणसाला दारात उभं करत नाहीत. त्यात पतसंस्थांमध्ये ठेवी अडकल्याचं दुःख या जिल्ह्याने पोटभर भोगलेलं आहे. ‘चौकशी चालू आहे’ हे वाक्य ऐकत म्हातारी झालेली माणसं आपल्या ओळखीत आहेत. आपल्या पैशाचं काय झालं हे न कळणं म्हणजे काय, हे खान्देशाला कोणी नव्याने शिकवायला नको.

यावर हमखास येणारं उत्तर असं की ही खरेदी नव्हतीच; तुम्ही एका स्वप्नाला हातभार लावला होता. किकस्टार्टरने सप्टेंबर २०१२ मध्येच जाहीर करून टाकलं की आम्ही दुकान नाही. मान्य. मग पान दुकानासारखं का मांडता? पंधरा डॉलरला खेळ, तीसला खेळ आणि संगीत, साठला टी-शर्ट, बाजूला पोहोचण्याचा महिना. ज्याला पोहोचण्याचा महिना असतो त्याला आमच्याकडे ऑर्डर म्हणतात. आणि देणगी म्हणायची तर देणगीचे नियम पाळा. तिथे तर हिशोब जास्तच काटेकोर लागतो.

गुंतवणूक म्हणावी तर तीही नाही. अमळनेरच्या माणसाला हा फरक लगेच कळेल. १९४५ मध्ये तिथे वनस्पती तेलाचा कारखाना निघाला, पुढे तोच विप्रो झाला. त्या काळी ज्या घरांनी त्याचे थोडे शेअर घेतले आणि पिढ्यान् पिढ्या सांभाळले, त्या साध्या घरांत कोट्यवधी रुपये आले. कारखाना बुडाला असता तर तेही बुडाले असते. पण तो वाढला तेव्हा त्यांचाही वाटा वाढला. शिवाय दरवर्षी ताळेबंद घरी यायचा. गेमच्या मोहिमेत पैसे लावणाऱ्याच्या नशिबी बुडण्याचा धोका शेअरवाल्याइतकाच आणि वाढण्याचा वाटा शून्य. खेळाच्या लाखो प्रती खपल्या तरी त्याला मिळते एक प्रत. धोका शेअरचा, परतावा गिऱ्हाइकाचा आणि हक्क कोणाचाच नाही, असा हा सौदा आहे.

त्यातही आपल्या मुलाला हा सौदा सगळ्यात महाग पडतो. स्टीम या ऑनलाइन गेमच्या दुकानात खेळाची किंमत देशागणिक ठरते आणि भारतात ती बऱ्याचदा अमेरिकेपेक्षा बरीच कमी असते. मोहिमेत तशी सूट नसते. तीस डॉलर म्हणजे तीस डॉलर, मग तुम्ही सिएटलमध्ये असा की साक्रीत. आपल्याकडे ते मेसच्या महिन्याच्या डब्याच्या आसपास जातात. म्हणजे हा मुलगा दोन वर्षं आधी पैसे देतो, जास्त देतो, आणि तोच खेळ पुढे तयार होऊन आला की वाट पाहणाऱ्या त्याच्या मित्राला कमी पैशात मिळतो. परत करण्याची सोयही वाट पाहणाऱ्यालाच: २०१५ पासून स्टीमवर चौदा दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळलेला खेळ परत देता येतो.

सगळेच बुडवतात असं मात्र मी म्हणणार नाही. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या व्हार्टन स्कूलमधल्या ईथन मॉलिक यांनी २०१५ मध्ये किकस्टार्टरवर पैसे दिलेल्या जवळपास ४७ हजार लोकांना विचारून अभ्यास केला. ठरलेली वस्तू दिलीच नाही असे प्रकल्प नऊ टक्के निघाले. सगळ्या प्रकारच्या प्रकल्पांचा हा आकडा आहे. आमच्या भागात नऊ टक्के हा आकडा वाईट मानणार नाहीत. कापसाचा धोका यापेक्षा मोठा असतो. पण याच अभ्यासकाच्या आधीच्या कामात तीन चतुर्थांशांहून जास्त प्रकल्प उशिरा पोहोचल्याचं दिसलं होतं. आणि उशिरा आलेला, अर्धा कापलेला, वचनापेक्षा वेगळाच निघालेला खेळ त्या नऊ टक्क्यांत मोजला जात नाही.

चांगली उदाहरणंही मनापासून सांगावीशी वाटतात. टोबी फॉक्स या तरुणाने २०१३ मध्ये अंडरटेलसाठी फक्त पाच हजार डॉलर मागितले, ५१ हजार मिळाले, आणि सप्टेंबर २०१५ मध्ये आलेल्या त्या खेळाने जग जिंकलं. पैसे मागण्याआधी त्याने खेळायला डेमो दिला होता. ऑस्ट्रेलियातल्या ॲडलेडच्या टीम चेरीने २०१४ मध्ये हॉलो नाइटसाठी ५७ हजार ऑस्ट्रेलियन डॉलर उभे केले आणि २०१७ मध्ये खेळ दिला. त्या मोहिमेत दिलेलं एक वाढीव वचन वाढत वाढत अख्खा नवा खेळ झालं. तो सप्टेंबर २०२५ मध्ये आला आणि जुन्या देणाऱ्यांना फुकट मिळाला. लहान चमू, लहान मागणी, आधी दाखवलेलं काम. मला यात मोठं गुपित दिसत नाही. डबल फाइनवर इतकी टीका होऊनही त्यांच्या मागे लोक का टिकले, त्याचं उत्तरही याच जातीचं आहे. पैसा कसा संपतोय, कोणावर कोण चिडलंय, काय कापावं लागतंय हे सगळं त्या चित्रीकरणात देणाऱ्यांना दिसत होतं.

कायद्याने काही मिळेल अशी आशा मात्र आज तरी धरू नये. किकस्टार्टरच्या अटींमध्येच लिहिलेलं आहे की प्रकल्प पूर्ण करता आला नाही तर निर्मात्याने पैसे कसे वापरले ते सांगावं आणि उरलेले परत करावेत. म्हणजे माझी मागणी त्यांच्याच कागदावर आहे. पण तेच पुढे म्हणतात की हा करार निर्माता आणि देणारा यांच्यातला, आम्ही त्यात नाही. अंमलबजावणी कोणाकडेच नाही. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने २०१५ मध्ये पहिल्यांदा अशा प्रकरणात हात घातला. एका बोर्डगेमसाठी १,२२,००० डॉलर जमवून माणसाने ते घरभाड्यात आणि घर बदलण्यात वापरले होते. त्याच्यावर रक्कम बसवली गेली आणि भरायची ऐपत नाही म्हणून वसुली थांबवली गेली. आपल्याकडे सेबीने जून २०१४ मध्ये लोकनिधीवर (क्राउडफंडिंगवर) चर्चापत्र काढलं, पुढे नियम झाले नाहीत. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने राहत्या जिल्ह्यात तक्रार करता येते, ही मोठी सोय आहे. पण जळगावच्या ग्राहक आयोगात तक्रार केली तरी समोरचा दुसऱ्या देशात, आणि मुळात ही विक्री होती हेच त्याला मान्य नाही.

म्हणून बदल किकस्टार्टरसारख्या मंचांनीच करायला हवा, आणि तो अवघड नाही. पैसा एका दमात देऊ नका. टप्पे पाडा. पहिल्या टप्प्याचं खेळता येईल असं काम देणाऱ्यांच्या हातात पडलं की पुढचा हप्ता सोडा. दर तीन महिन्यांनी जमाखर्चाचं एक पान सक्तीचं करा: पगार, बक्षिसं, जाहिरात, शिल्लक. ज्याला ते नको त्याला मंचावर जागा देऊ नका. यामुळे निर्मात्यांवर ओझं पडेल असं म्हणणाऱ्यांना मी सांगेन की घर बांधायला कर्ज घेणारा प्रत्येक शिक्षक हे ओझं वाहतो. पाया दाखवल्याशिवाय बँक दुसरा हप्ता सोडत नाही. आणि तोवर, ज्या खेळाचा खेळता येण्याजोगा तुकडा समोर नाही त्याला एक रुपयाही देऊ नका, हे मी वर्गात स्पष्ट सांगतो.

मला या विषयाची एवढी काळजी वाटते ती इथल्या मुलांमुळे. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने राजी हा खेळ बनवायला घेतला तेव्हा त्यांनीही किकस्टार्टरवर मोहीम केली, आणि लक्ष्य गाठलं गेलं नाही. संस्थापकांपैकी एकीने राहता फ्लॅट विकला. २०२० मध्ये खेळ आला आणि त्या वर्षीच्या द गेम अवॉर्ड्समध्ये पदार्पणाच्या विभागात त्याला नामांकन मिळालं. मोठ्या नावांनी लोकांचा विश्वास खर्च केला की नंतर येणाऱ्या अशा लहान चमूंच्या वाट्याला रिकामी झोळी येते. आज माझ्या वर्गात चार मुलं-मुली युनिटी या खेळ बनवायच्या सॉफ्टवेअरवर एक खेळ बनवताहेत. सातपुड्यातलं जंगल आहे, पात्रं अहिराणी बोलतात, आणि पहिला टप्पा माझ्या मशिनवर चालतो. उद्या त्यांनी लोकांकडे पैसे मागितले तर खेळ पूर्ण व्हायच्या आधीच मी माझे देईन, आणि तीन महिन्यांनी हिशोबाचं पान मागायला त्यांच्या खोलीवर जाईन.